गडचिरोलीतील नवजात शिशुसंशोधन : एक चिकित्सा

डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग व 'सर्च' संस्थेतील सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत घरोघरी नवजात शिशुसेवा दिली आणि शेजारच्या ४७ गावांशी तिची तुलना केली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेने ६२ टक्क्यांनी घटला. गावातील प्रशिक्षित स्त्रीने दिलेल्या प्रतिजैविकाच्या इंजेक्शनाची तेव्हा विशेष चर्चा झाली. तथापि २००५ मधील विश्लेषणात या घटीत जंतुसंसर्गावरील उपचारांचा वाटा सुमारे ३६ टक्के, तर कमी वजनाच्या बालकांना ऊब, स्तनपान इत्यादींचा आधार देण्याचा वाटा सुमारे ३४ टक्के मानला गेला.

अर्थात गावांची विभागणी यादृच्छिक नव्हती व सर्व उपाय एकत्र योजले होते. त्यामुळे हे वाटे अनुमानाच्या स्वरूपाचेच होत. २०११ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत आशा स्वयंसेविकांच्या गृहभेटी समाविष्ट झाल्या. इंजेक्शन मात्र त्यांच्या हाती देण्यात आले नाही. म्हणून गडचिरोलीचे आकडे त्या योजनेस जसेच्या तसे लावणे सयुक्तिक नाही. भेटींची नोंद होणे सोपे आहे. त्या भेटीत मातेला बाळास पाजण्यासाठी प्रत्यक्ष साहाय्य मिळाले काय, यावरच योजनेचे मूल्यमापन व्हावयास हवे.