पारितोषिकांविना महोत्सव : धरमशालेचे उदाहरण

चित्रपट महोत्सव म्हटला की स्पर्धा, परीक्षक मंडळ व पारितोषिके आपण गृहीत धरतो. हिमाचल प्रदेशातील धरमशाला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव याला अपवाद आहे. रितू सरीन व तेनझिंग सोनम या चित्रपटकार दांपत्याने २०१२ मध्ये मॅक्लिओडगंज येथे तो सुरू केला.

येथे कथापट, माहितीपट व लघुपट दाखवले जातात. त्यांची क्रमवारी लावली जात नाही. त्यामुळे पहिलाच चित्रपट घेऊन आलेला दिग्दर्शक नावाजलेल्या दिग्दर्शकाच्या बरोबरीने प्रेक्षकांसमोर उभा राहतो. चित्रपटानंतरची चर्चा हेच त्याचे मूल्यमापन. तिबेटी कलासंस्था, तिबेटी बालग्राम अशा ठिकाणी खेळ झाल्याने महोत्सव तेथील निर्वासित समाजाच्या जीवनाशीही जोडला गेला. हिमालयीन प्रदेशातील नवोदितांसाठी मार्गदर्शनाचा उपक्रमही आहे.

मात्र या समतेची किंमतही लक्षात घ्यावी. पुरस्कारामुळे वृत्तपत्रांचे व वितरकांचे लक्ष वेधले जाते. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१५ मध्ये भारतातील चित्रपटगृहांत आला, तेव्हा २०१४ च्या व्हेनिस महोत्सवातील पुरस्कारांनी त्याची ओळख आधीच करून दिली होती. धरमशालेतून परतणाऱ्या चित्रपटाजवळ असे प्रशस्तिपत्र नसते.

म्हणून पारितोषिके नाकारणे ही भूमिका योग्य असली तरी पुरेशी नाही. महोत्सवाची समीक्षा करताना किती चित्रपट दाखवले एवढेच मोजू नये. ते कोणी पाहिले आणि पुढे ते कोठे पोहोचले, हेही तपासावे.