अनुक्रमणी ते संगणकीय शोध : भारतीय ग्रंथपरंपरेची उपयुक्तता व मर्यादा

प्रस्तावना

संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा आहे, असे विधान परिसंवादांतून व वृत्तपत्रीय लेखनातून वारंवार केले जाते. त्याचे मूळ बहुधा रिक ब्रिग्ज यांनी १९८५ मध्ये 'एआय मॅगझिन'मध्ये लिहिलेल्या लेखात शोधले जाते. त्या लेखाचे प्रतिपादन मात्र मर्यादित आहे. वाक्यार्थ उलगडण्याची वैयाकरणांची रीत आणि ज्ञान मांडण्याची संगणकीय रीत यांतील साम्य ब्रिग्ज यांनी दाखविले. या गौरवाच्या भरात अधिक महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो. मजकूर पुन्हा सापडावा म्हणून आपल्या पूर्वसूरींनी ज्या रीती घडविल्या, त्यांचा आजच्या सूचीकरणाला कितपत उपयोग होतो? प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

संगणकीय शोध आणि मराठी शब्द

संगणकीय शोधाचा पाया म्हणजे प्रत्येक शब्दापुढे त्याची स्थळे नोंदविणारी सूची. शब्द सर्वत्र एकाच रूपात येतो, असे ही सूची गृहीत धरते. मराठीत हे गृहीतक टिकत नाही. 'पाणी' शोधणाऱ्यास 'पाण्यात' आणि 'पाण्यावरून' सापडतीलच असे नाही. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचे 'नांव' व 'कांहीं' हे आजच्या 'नाव' व 'काही' यांच्याशी जुळत नाहीत. भारतीय भाषांतील शोधाची पारख करणाऱ्या 'फायर' या उपक्रमात २००८ पासून मराठीचा समावेश झाला आणि प्रत्यययुक्त रूपांचा विचार त्यात करावा लागला.

वैदिक परंपरेतील स्तररचना

हाच प्रश्न वैदिक परंपरेपुढे संधीच्या रूपाने उभा होता. शाकल्याच्या ऋग्वेद-पदपाठाने संधी सोडवून पदे वेगळी केली, परंतु त्यासाठी संहितापाठ बदलला नाही. दोन्ही पाठ शेजारी राहिले. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीने प्रत्येक सूक्ताचे प्रतीक म्हणजे आरंभीचे शब्द, ऋक्संख्या, ऋषी, देवता व छंद नोंदविले. आजच्या ग्रंथालयीन नोंदीतील रकान्यांशी याचे साम्य उघड आहे. निघंटूच्या पहिल्या तीन अध्यायांत समानार्थी शब्दांचे गट आहेत, तर चौथ्यात अनेकार्थी व दुर्बोध शब्द आहेत. एका अर्थाचे अनेक शब्द आणि एका शब्दाचे अनेक अर्थ या शोधाच्या दोन मूलभूत अडचणी होत. त्या निघंटुकारांनी वेगवेगळ्या हाताळल्या, हे लक्षणीय आहे. अमरकोशाची रचना विषयवार आहे, तर मेदिनीकोशात शब्द अंत्य व्यंजनानुसार लावले आहेत. शोधणाऱ्याची गरज बदलली की क्रमही बदलतो, याचे भान या कोशकारांना होते.

महानुभाव ग्रंथांतील मांडणी

मराठीतील उदाहरण महानुभाव वाङ्मयात मिळते. केशिराजांच्या 'दृष्टांतपाठा'त ११४ दृष्टांत असून प्रत्येकाची सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक अशी ठरलेली मांडणी आहे. चक्रधरांची वचने कोणती आणि संकलकाचे विवेचन कोणते, हे या मांडणीमुळे वाचकास कळते. 'स्थानपोथी'त चक्रधरांनी भेट दिलेल्या स्थानांची वर्णने एकत्र केली असल्याने ती लीळांची स्थलसूची म्हणून वाचता येते.

परंपरेच्या मर्यादा

तथापि या परंपरेचे सरसकट समर्थन करता येणार नाही. प्रतीकावरून सूक्त त्यालाच आठवते, ज्याला ते मुखोद्गत आहे. वेदाध्ययनाचा अधिकार मोजक्यांपुरता असल्याने ही सूचीही मोजक्यांचीच राहिली. संगणकीय सूची अनोळखी वाचकालाही मजकुरापर्यंत नेते आणि या बाबतीत ती परंपरेच्या पुढे आहे. महानुभावांच्या सकळ लिपीमुळे त्यांचे ग्रंथ पंथाबाहेरील अभ्यासकांना शतकानुशतके अगम्य राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा ते वाङ्मय बाहेर आले. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित केलेल्या मराठी मजकुराची स्थिती याहून फारशी निराळी नाही. पडद्यावर अक्षर मराठी दिसते, परंतु आतील संकेत इतरच अक्षरांचे असल्याने शोधयंत्राला ते वाचता येत नाही. सकळ लिपी हेतुपूर्वक योजलेली होती, ही लिपी मात्र आपण अनवधानाने निर्माण केली.

दुसरी मर्यादा अर्थाची आहे. आनंदवर्धनाने व्यंग्यार्थ वाच्यार्थाहून वेगळा मानला. जे शब्दात नाही ते शब्दसूचीत सापडणार नाही. अलीकडची शोधतंत्रे शब्दांच्या सान्निध्यावरून अर्थ ताडतात, परंतु त्यांचा आधार विपुल लिखित मजकूर हाच असतो.

धानोरा परिसराचा संदर्भ

असा विपुल मजकूर जेथे नाही, तेथे काय करावे? हा प्रश्न धानोरा तालुक्याला थेट लागू पडतो. येथे गोंडी, झाडीबोली व छत्तीसगढी बोलल्या जातात. झाडीबोलीत 'ण'ऐवजी 'न' आणि 'ळ'ऐवजी 'र' येतो. 'डोळा' शोधणाऱ्यास 'डोरा' असलेले गीत मिळणार नाही. ते सापडावे म्हणून 'डोळा' असा बदल केला, तर बोलीच नाहीशी होईल. या पेचातून संहिता व पद यांच्या सहअस्तित्वाचे तत्त्व वाट दाखविते. बोलीतील मूळ पाठ अबाधित ठेवावा आणि प्रमाण रूप स्वतंत्र स्तरावर द्यावे. अनुक्रमणीप्रमाणे गाव, सांगणाऱ्याची संमतीने घेतलेली माहिती, प्रसंग व प्रकार नोंदवावा.

हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा नाही. याच तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. वनहक्काच्या दाव्यात जुन्या कागदपत्रांना महत्त्व असते. 'बांबू' शोधताना 'वेळू' किंवा 'कळक' असलेला कागद सुटला, तर पुरावा असूनही तो नसल्यासारखाच ठरतो. निघंटूची रीत येथे प्रत्यक्ष हक्काशी जोडली जाते.

निष्कर्ष

१) भारतीय ग्रंथपरंपरेचे मोल एखादी भाषा संगणकयोग्य असण्यात नसून, मूळ पाठ न बदलता त्यावर सूचीचे स्तर रचण्याच्या शिस्तीत आहे.

२) या सूची मुखोद्गत पाठावर व मर्यादित अधिकारावर उभ्या होत्या. त्यांची रीत स्वीकारताना ही बंधने टाकून द्यावी लागतील.

३) बोलींच्या संकलनात मूळ पाठ, प्रमाण रूप, पर्यायी शब्द व संदर्भनोंद हे चार स्तर टंकलेखनाच्या वेळीच तयार करावेत. सांगणारी पिढी हयात असतानाच शब्दाचा अर्थ तिला विचारता येतो. नंतर सूची करता येईल, परंतु ती पडताळून देणारे कोणी उरणार नाही.