दुसरी बाजू ऐकणारे चित्रपट

‘जुने ते सोने’ हा अभिप्राय जुन्या मराठी चित्रपटांविषयी इतक्या सहजतेने दिला जातो, की ते सोने कसाला लावून पाहावे असे सहसा कोणास वाटत नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां मंडळींना तर हे चित्रपट म्हणजे भाषेशी असलेल्या नात्याची खूणच वाटतात. साहजिकच त्यांच्याविषयी बोलताना गहिवर अधिक आणि विवेचन कमी, असे होते.

शासकीय सेवेत आमच्या अंगवळणी पडलेले एक तत्त्व आहे. ज्याच्या विरुद्ध आदेश काढायचा, त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे. हीच कसोटी आम्ही चित्रपटांनाही लावतो. संतपट असो, सामाजिक असो, रहस्यपट असो वा तमाशापट, कथेचा निकाल ज्या पात्राच्या विरुद्ध जाणार, त्या पात्राला दिग्दर्शकाने बोलू दिले आहे काय?

प्रभातचा ‘संत तुकाराम’ (1936) या कसोटीवर फार वरचा ठरतो. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाची 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दखल घेतली गेली, ती बहुधा विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामामुळे, असे अनेक जण समजतात. आमच्या मते चित्रपट तोलून धरते ती गौरी या अभिनेत्रीची जिजाई. नवरा उदार, पण घरात दाणा नाही. देव मोठा, पण मूल आजारी. हा संसाराचा पक्ष ती ठसक्यात मांडते. विठ्ठलाला जाब विचारायला देवळात निघालेली ही बाई प्रेक्षकांना पाखंडी वाटत नाही. तुकाराम वैकुंठाला जातात, ती पोराबाळांसह मागे राहते. भक्तीचा महिमा गाणाऱ्या चित्रपटाने भक्तीची किंमत कोणी मोजली हेही सांगितले आहे. सालोमालोला मात्र असा न्याय मिळालेला नाही. तो नुसता दुष्ट आहे, आणि म्हणूनच तो चित्रपटाचा सर्वांत उणा भाग आहे.

पुढच्याच वर्षी व्ही. शांताराम यांनी ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून ‘कुंकू’ काढला. फसवून लावलेल्या विजोड लग्नाविरुद्ध उभी राहणारी शांता आपटे यांची नीरा सर्वांच्या लक्षात असते. परंतु केशवराव दाते यांचे काकासाहेब आम्हांला अधिक थक्क करतात. वकिली करणाऱ्या या वृद्ध विधुराला खलनायक करणे किती सोपे होते! शांतारामांनी त्याला अपराधाची जाणीव होण्यास अवकाश दिला. भिंतीवरचे जुने घड्याळ त्याचे वय बोलून दाखवते. पार्श्वसंगीत वर्ज्य करून केवळ प्रसंगातलेच आवाज वापरल्यामुळे त्या घरातील अवघडलेपण अंगावर येते. शेवटी नीरेने पुन्हा लग्न करावे असे लिहून ठेवून तो जीवन संपवतो. येथे आमची एक तक्रार आहे. नीरेची सुटका अखेर त्याच्या मृत्यूने आणि त्याच्याच अनुमतीने होते. तिचा पक्ष ऐकला गेला, पण निकाल तिच्या हाती आला नाही.

राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (1964) निव्वळ रहस्यपट म्हणून पाहिला जातो. पुढे हिंदीत त्यावरून ‘मेरा साया’ (1966) निघाला. मृत पत्नीसारखीच दिसणारी स्त्री ‘मीच ती’ असे सांगू लागते, तेव्हा तिचे खरे मानावे की खोटे, हा पेच प्रेक्षकाला सोडवायचा असतो. रहस्य हे येथे एका स्त्रीवर विश्वास ठेवण्याचे दुसरे नाव आहे.

आता ज्याचे नाव घेताच जाणकारही हळवे होतात तो ‘पिंजरा’ (1972). यावर ‘द ब्ल्यू एंजल’ (1930) या जर्मन चित्रपटाची छाया आहे. पण जिवंत माणसाचा पुतळा गावात उभा राहतो आणि तोच माणूस स्वतःच्या खुनासाठी दोषी ठरतो, ही कल्पना विलक्षण आहे. श्रीराम लागू यांचे गुरुजी विसरता येत नाहीत. तरीही आम्ही प्रतिकूल मत नोंदवतो. गुरुजी तमाशाला गावाबाहेर घालवतात, तेव्हा त्या फडाने पोट कसे भरावे, हा प्रश्न चित्रपट गंभीरपणे विचारत नाही. संध्या यांच्या चंद्रकलेला सूड मिळतो, प्रेम मिळते, पश्चात्तापही मिळतो. तिच्या व्यवसायाला मात्र कैफियत मांडता येत नाही. पस्तीस वर्षांपूर्वी काकासाहेबांचे ऐकून घेणाऱ्या दिग्दर्शकाने हा कान बंद ठेवावा, याचे वाईट वाटते. रंग, नृत्य, लावणी यांच्या झगमगाटात ही उणीव झाकली जाते, इतकेच.

‘सामना’मध्ये तो कान पुन्हा उघडा झालेला दिसतो. विजय तेंडुलकर यांचे लेखन, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन. 1975 मध्ये हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला. निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील सत्ताधीश आहे, क्रूरही आहे; पण गावासाठी आपण काय केले हे तो अभिमानाने सांगतो आणि ते सगळे खोटे नसते. समोरचे लागूंचे मास्तर तरी कोठे निष्कलंक आहेत? ते तर दारूच्या आहारी गेलेले. अशा दोघांच्या संवादातून मारुती कांबळे या नाहीशा झालेल्या माणसाची चौकशी पुढे सरकते. ज्याला स्वतःची बाजू मांडता येणार नाही, त्याच्या वतीने एक व्यसनी म्हातारा विचारत राहतो. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या कोणालाही हा चित्रपट अस्वस्थ करील.

तेव्हा सभासदांना विनंती अशी, की पुढल्या वेळी यांतील एखादा चित्रपट पाहताना गाणी जरूर गुणगुणावीत, पण हरलेल्या पात्राकडेही लक्ष ठेवावे. त्याचे म्हणणे आपल्या मनात मागे उरले, तर चित्रपट अजून जिवंत आहे असे समजावे. नव्या चित्रपटांनाही हाच न्याय लावावा. केवळ ते नवे आहेत म्हणून त्यांच्या विरुद्ध एकतर्फी निकाल देऊ नये.