विशेषण, प्राचीन इंडो-यूरोपियन भाषांतील

नामाचा गुण किंवा संख्या दाखविणारा शब्द म्हणजे विशेषण, ही शालेय व्याख्या मराठीपुरती चालून जाते. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या प्राचीन भाषांना ती लावू गेल्यास मात्र विशेषण ही मुळात स्वतंत्र शब्दजाती आहे काय, हा प्रश्न उभा राहतो. या भाषांत विशेषण नामाप्रमाणेच लिंग, वचन व विभक्ती यांनुसार चालते आणि त्याचे प्रत्ययही बहुतांशी नामाचेच असतात. डायोनिशिअस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात शब्दांच्या आठ जाती सांगितल्या आहेत. विशेषण त्यांत नाही. ते नामाचा एक पोटभेद म्हणून येते. यूरोपीय व्याकरणात त्याला वेगळे स्थान मिळाले, ते अठराव्या शतकात.

पाणिनीच्या व्यवस्थेत विशेषण हे नाते आहे, जात नव्हे. ‘नीलोत्पल’ या समासात नील हे विशेषण व उत्पल हे विशेष्य. पण दोन्ही पदे सुबंतच. शिवाय ‘शुक्ल’ हा एकच शब्द पांढरा रंगही सांगतो आणि त्या रंगाची वस्तूही. तत्कालीन पुणे विद्यापीठातील शिवराम दत्तात्रय जोशी यांनी १९६६ मध्ये विद्यापीठाच्या नियतकालिकात लिहिलेल्या इंग्रजी लेखाच्या शीर्षकातच विशेषण व नाम हा शब्दजातींतील एकच वर्ग म्हणून मांडला आहे. पाणिनीय दृष्टीचे वर्णन म्हणून ही मांडणी निर्दोष आहे. तथापि शास्त्राने केलेला वर्ग आणि भाषेतील भेद या दोन गोष्टी निराळ्या ठेवणे अवश्य आहे.

खुद्द पाणिनीलाच ‘गुणवचन’ या संज्ञेवाचून चालत नाही. ‘मृदु’चे स्त्रीलिंगी रूप विकल्पाने ‘मृद्वी’ होते. ‘धेनु’ या नामाचे तसे होत नाही. ईयस् व इष्ठ हे प्रत्यय केवळ गुणवचनांनाच लागतात. याउलट तर-तम हे प्रत्यय क्रियापदालाही लागत असल्याने (‘पचतितराम्’) तुलनेची सोय एवढ्यावरून विशेषणाची वेगळी जात सिद्ध होत नाही. त्याहून बोलका पुरावा ‘क्षिप्र–क्षेपिष्ठ’ या जोडीत आहे. क्षेपिष्ठ हे रूप क्षिप्रपासून नव्हे, तर थेट धातूपासून बनलेले दिसते. पाणिनीला मात्र ते क्षिप्रपासूनच साधावयाचे असल्याने स्थूल, दूर, क्षिप्र, क्षुद्र इ. सहा शब्दांतील शेवटचा अंश गाळण्याचा खास नियम करावा लागला. गुणवाचक धातूंपासून र, उ अशा ठराविक प्रत्ययांनी विशेषणे होतात आणि समासाच्या पूर्वपदी त्याच धातूला इ लागतो (ऋज्र, पण ऋजिश्वन्). अशा प्रत्ययांची ही अदलाबदल डच विद्वान कालांट याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रथम अवेस्ताच्या भाषेत हेरली. वैदिक भाषेत स्वराघातही कामी येतो : आद्युदात्त ‘अपस्’ म्हणजे कर्म (लॅटिन ‘ओपुस’), तर अंतोदात्त ‘अपस्’ म्हणजे कर्मशील. म्हणजे विभक्तीत न दिसणारा भेद शब्दसिद्धीत व स्वरात होता. एकवर्गाच्या मांडणीत नेमके हेच झाकले जाते.

मराठीची स्थिती उलटी आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या व्याकरणापासून (१८३६) शब्दजातींची मांडणी इंग्रजी वळणाची झाली आणि तिच्यासाठी ‘विशेषण’ ही संज्ञा मात्र संस्कृतातून आली. एका नात्याचे नाव अशा रीतीने एका जातीला मिळाले. व्याख्यांतील पुष्कळसा घोळ येथूनच निघतो. जात मात्र मराठीत खरोखरच आहे. संस्कृतात दोन्ही पदे चतुर्थीत जातात (‘साधवे पुत्राय’). मराठीत ‘चांगल्या मुलाला’ येथे विभक्तिप्रत्यय नामालाच लागतो, विशेषण सामान्यरूपावरच थांबते. ‘चांगल्याला’ म्हटले, की तो शब्द नामाच्या जागी गेला. ‘लाल’, ‘सुंदर’ यांसारखी विशेषणे तर नामापुढे मुळीच बदलत नाहीत.