मायक्रोफोनपर्यंत चालत आलेला आवाज

'महल' (१९४९) मधलं 'आएगा आनेवाला' लोक खेमचंद प्रकाश यांच्या चालीसाठी ऐकतात. पॉडकास्ट करणाऱ्यांनी ते मायक्रोफोनसाठीही ऐकावं. इंदूरमध्ये घरच्या खोलीतून पॉडकास्ट करणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण या गाण्याच्या गायिकेचा, लता मंगेशकर यांचा, जन्म इथल्याच शीख मोहल्ल्यातला, २८ सप्टेंबर १९२९ चा.

गाण्याच्या सुरुवातीला ठेका नाही. मोकळ्या लयीतल्या ओळी दुरून येतात. पडद्यावर अशोक कुमार हवेलीत त्या आवाजाचा माग काढतो आहे. गाणारी दिसत नाही, त्यामुळे ती किती लांब आहे हे आवाजालाच सांगावं लागतं. लताबाईंनी पुढे मुलाखतींत ही युक्ती उलगडली आहे: मायक्रोफोन खोलीच्या मधोमध होता; त्या कोपऱ्यातून गायला लागल्या आणि गात गात त्याच्याकडे चालत आल्या.

इथे कान नीट द्यावा. लांब असतानाही त्यांनी आवाज चोरलेला नाही. सूर भरून लावलाय, शब्द स्वच्छ आहेत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज सहा डेसिबलनी उतरतो. बंद खोलीतली गुंज मात्र जवळपास तेवढीच राहते. थेट आवाज किती आणि गुंज किती, यावरून कान लांबी ओळखतो. नुसती पातळी खाली ओढली तर माणूस हळू बोलतोय असं वाटतं, लांब आहे असं वाटत नाही. अनेक नवे पॉडकास्टर याच्या उलट फसतात. मायक्रोफोन हातभर लांब ठेवायचा आणि नंतर पातळी वाढवायची. मग आवाजाबरोबर पंखा, भिंती आणि रस्त्यावरचे हॉर्नही वाढतात.

मुखड्याशी आवाज जवळ येतो, पण अंगावर येत नाही. मला या गाण्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. मायक्रोफोन जवळ आहे म्हणजे जोर लावायची गरज संपली, हे विशीतल्या त्या मुलीला पक्कं कळलं होतं. (रेकॉर्डवर तिचं नावही नव्हतं, 'कामिनी' हे पात्राचं नाव छापलं होतं.) इंदूरच्याच गायक उस्ताद अमीर खाँच्या दरबारी रागात, मंद्रातल्या संथ आलापीत, हाच निश्चिंतपणा ऐकू येतो.

श्वासाचं श्रेय लताबाई संगीतकार अनिल विश्वासांना देत. ऐकणाऱ्याला कळू न देता श्वास कुठे आणि कसा घ्यायचा, हे त्यांनी शिकवलं. बोलणाऱ्यालाही हे लागू आहे: वाक्य संपवावं, तोंड किंचित बाजूला न्यावं, श्वास घ्यावा. 'प', 'फ', 'भ' यांच्या हवेचा झोत मायक्रोफोनवर आदळून धप्प आवाज होतो. त्यावर उपाय म्हणून मायक्रोफोन तोंडासमोर न धरता थोडा तिरका, वीतभर अंतरावर ठेवावा. मायक्रोफोनपुढे लावायची जाळी त्यानंतरची गोष्ट.

हेडफोन लावून गाण्याची नुसती सुरुवात ऐका. मग पातळीला हात न लावता एकच वाक्य वीतभरावरून, हातभरावरून आणि खोलीच्या कोपऱ्यातून रेकॉर्ड करा. पुढचा भाग त्यानंतरच करा.