डीएस१३०७चा ड्रायव्हर वाचताना : एक परीक्षण

या टिपणात आपण नवा ड्रायव्हर लिहिणार नाही. लिहिलेला ड्रायव्हर वाचायचा आहे आणि तो चांगला का, वाईट का, हे ठरवायचे आहे. ड्रायव्हर ‘चालतो’ म्हणजे तो चांगला, असे समजून आपण पुढे जातो. घड्याळाच्या ड्रायव्हरच्या बाबतीत ही समजूत विशेष महागात पडते. हा ड्रायव्हर चुकला तर यंत्र बंद पडत नाही. ते चुकीच्या वेळेवर बिनबोभाट चालत राहते.

वाचायला दोन मजकूर घेऊ. पहिला म्हणजे प्रयोगशाळेत हातोहात फिरणारा विद्यार्थ्यांचा नमुना-कोड. दुसरा म्हणजे लिनक्स कर्नलच्या ‘ड्रायव्हर्स/आरटीसी’ या फोल्डरमधली डीएस१३०७ची फाइल. चिप दोन्हीकडे एकच आहे. बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ ‘आरटीसी मॉड्यूल’ मागितले की बहुधा हीच चिप किंवा तिची भावंडे हातात पडतात.

१. चिप काय देते

डीएस१३०७ आय-टू-सी बसवर हेक्स ६८ या पत्त्यावर बसते. पहिली सात रजिस्टरे सेकंद, मिनिट, तास, वार, तारीख, महिना आणि वर्ष यांची. आठवे नियंत्रणाचे. त्यानंतर ५६ बाइट रॅम, तीही बॅटरीवर टिकणारी. आकडे बीसीडीत असतात, म्हणजे ५९ सेकंद हे हेक्स ५९ म्हणून लिहिलेले असतात. रूपांतर विसरलात तर ५९चे ८९ होतात. पण ही चूक पहिल्याच दिवशी डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावर वेळ घालवायला नको. न दिसणाऱ्या चुका पाहू.

२. एकेक रजिस्टर वाचण्याचा दोष

नमुना-कोडमध्ये वेळ वाचण्यासाठी सात फेऱ्यांचा लूप असतो. प्रत्येक फेरीत एक रजिस्टर वाचले जाते. वाचायला सोपा, समजावायला सोपा, आणि चूक.

समजा ३१ डिसेंबरच्या रात्री २३:५९:५९ वाजले आहेत. लूपने सेकंद वाचले ५९, मिनिटे ५९, तास २३. तेवढ्यात सेकंद उलटला. आता तारीख वाचली ती १, महिना जानेवारी, वर्ष नवे. हाती आलेली वेळ १ जानेवारी, २३:५९:५९. म्हणजे अख्खा एक दिवस पुढे. वाचण्याचा क्रम उलटा केलात तर एक दिवस मागे जाल, दुरुस्ती होणार नाही.

चिप बनवणाऱ्यांनी याची सोय करून ठेवली आहे. बसवर ‘स्टार्ट’ झाला की चालू वेळेची एक प्रत बाजूच्या बफरमध्ये काढली जाते आणि वाचन त्या प्रतीतून होते. सातही बाइट एकाच व्यवहारात वाचले तर ती सगळी एकाच क्षणाची असतात. नमुना-कोड सात वेळा स्टार्ट देतो, म्हणजे सात वेगवेगळ्या क्षणांच्या प्रती काढतो. कर्नलचा ड्रायव्हर सातही बाइट एका दमात वाचतो. लिहितानाही तसेच. सेकंदाच्या रजिस्टरमध्ये लिहिले की आतली भागाकाराची साखळी शून्यावर येते, आणि उरलेली रजिस्टरे एका सेकंदाच्या आत लिहावी लागतात. एकगठ्ठा लिहिल्यावर ही अट आपोआप पाळली जाते.

इथे कर्नलच्या ड्रायव्हरला पूर्ण गुण द्यायला हवेत. डेटाशीट शेवटपर्यंत वाचल्याची खूण अशाच ठिकाणी दिसते.

३. थांबलेले घड्याळ

सेकंदाच्या रजिस्टरचा सर्वांत वरचा बिट सेकंदाचा नाही. तो ‘क्लॉक हॉल्ट’, थोडक्यात सीएच बिट. तो १ असेल तर ऑसिलेटर थांबलेला आहे. चिपला पहिल्यांदा वीज मिळते, किंवा वीज आणि बॅटरी दोन्ही जाऊन पुन्हा येते, तेव्हा साधारणपणे हा बिट १ असतो आणि रजिस्टरांत १ जानेवारी २०००ची मध्यरात्र असते. चिप सांगत असते, ‘मला वेळ माहीत नाही.’

नमुना-कोड काय करतो? वरचा बिट पुसून उरलेले सात बिट घेतो आणि ‘१ जानेवारी २०००’ असे उत्तर देतो. तारीख वैध आहे, वाचन यशस्वी आहे, परतीचे मूल्य शून्य आहे. उत्तर तेवढे खोटे आहे.

काही नमुने याहून पुढे जातात. ड्रायव्हर सुरू होताना सीएच बिट १ दिसला तर ते तो ० करून टाकतात, म्हणजे घड्याळ चालू होते. हेतू चांगला आहे. पण त्या एका ओळीने ‘वेळ माहीत नाही’ याचा चिपवरचा एकमेव पुरावा नाहीसा होतो. पुढच्या वेळी यंत्र सुरू करणाऱ्याला चालू घड्याळ दिसते, फक्त ते २००० सालातले असते.

यात फक्त विद्यार्थ्यांना दोष देऊ नका. कर्नलच्या ड्रायव्हरच्या जुन्या आवृत्त्याही हेच करत. सीएच बिट दिसला की सेकंदात शून्य लिहून घड्याळ सुरू करायचे आणि ‘वेळ लावा’ असा इशारा लॉगमध्ये टाकायचा. लॉग माणूस वाचतो, तोही कधीतरी. ज्या प्रोग्रॅमने वेळ मागितली त्याला चुकीची वेळ यशाच्या शिक्क्यासह मिळत होती. नंतर ही पद्धत बदलली. आता सीएच बिट १ असेल तर वेळ वाचण्याचे फंक्शन एरर परत करते, आणि वेळ लावली जाईपर्यंत करत राहते. वेळ लावताना सेकंदांचा बीसीडी आकडा लिहिला जातो. त्याचा वरचा बिट नेहमीच ० असल्याने घड्याळ त्याच क्षणी सुरू होते. वेळ माहीत होणे आणि घड्याळ चालू होणे या दोन्ही गोष्टी एकाच कृतीत येतात. या ड्रायव्हरमधली माझ्या मते सर्वांत चांगली दुरुस्ती हीच.

‘एरर दिली तर यंत्राचे अडते, काहीतरी वेळ दिलेली बरी’ असा आक्षेप वर्गात नेहमी येतो. उलट विचार करून पाहा. एरर मिळाली तर वरचा थर दुसरा मार्ग शोधू शकतो. नेटवर्कवरून वेळ घेऊ शकतो, किंवा मागच्या वेळी डिस्कवर जपून ठेवलेली वेळ वापरू शकतो. रास्पबेरी पायवर आरटीसी नसताना याच युक्तीवर भागवले जाई. खोटी वेळ मिळाली तर दुसरा मार्ग शोधायची गरजच कोणाला वाटत नाही. मग सुरक्षित जोडणी होत नाही, कारण २००० सालात बसलेल्या यंत्राच्या मते सर्व्हरचे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही. नेटवर्क तपासण्यात दुपार जाते आणि दोष निघतो एका बिटात.

प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही. केंद्राच्या २०२३च्या वीज ग्राहक हक्क दुरुस्ती नियमांनी दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर आणला. १० किलोवॉटपेक्षा जास्त मागणीच्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४पासून आणि शेती सोडून इतरांसाठी १ एप्रिल २०२५पासून, असे वेळापत्रक त्यात आहे. असे बिल मीटरमधल्या घड्याळावर उभे असते. मीटरमध्ये लिनक्स असो वा नसो, ‘मला वेळ माहीत नाही’ हे सांगायची सोय त्याच्या कोडमध्ये असायलाच हवी.

४. कर्नलच्या फाइलवर आक्षेप

आता दुसरी बाजू. डीएस१३०७च्या नावाची ही फाइल एका चिपची राहिलेली नाही. डीएस१३३७, १३३८, १३३९, १३४०, १३८८, ३२३१, एम४१टी००, एमसीपी७९४ मालिका, आरएक्स८०२५ अशी मंडळी तिच्यात राहायला आली आहेत. रजिस्टरांची मांडणी सारखी म्हणून एकत्र ठेवली, पण साम्य वरवरचे आहे. डीएस१३८८मध्ये सुरुवातीला शतांश सेकंदाचे रजिस्टर असल्याने बाकी सगळी एक घर पुढे सरकतात. सेकंदाच्या रजिस्टरचा वरचा बिट डीएस१३०७मध्ये ‘थांब’ म्हणतो, एमसीपी७९४मध्ये नेमका तोच बिट ‘चाल’ म्हणतो. परिणामी वेळ वाचण्याच्या आणि लावण्याच्या फंक्शनमध्ये चिपगणिक फाटे फुटले आहेत. एका चिपसाठी केलेला बदल दुसऱ्या चिपला मोडणार नाही, याची खात्री सगळ्या चिप टेबलावर असलेल्यालाच देता येईल.

दुसरा आक्षेप बारीक आहे. चिप १२ तासांच्या पद्धतीत आहे का, हे ड्रायव्हर सुरुवातीला एकदाच तपासतो आणि तिला २४ तासांवर आणतो. त्याच बसवर दुसरा मायक्रोकंट्रोलर असेल आणि त्याने मध्येच पद्धत बदलली, तर दुपार आणि पहाट यांची गल्लत होईल. कोडमधल्या टीपेत हा धोका मान्य केला आहे. मान्य करणे ठीक, पण ते धोका टाळणे नव्हे.

तिसऱ्या मर्यादेला ड्रायव्हर जबाबदार नाही. वीज चालू असताना क्रिस्टल बंद पडला तर डीएस१३०७ला ते कळत नाही. डीएस३२३१सारख्या चिपमध्ये ‘ऑसिलेटर मधे थांबला होता’ हे नोंदवणारा वेगळा बिट आहे. ड्रायव्हरचा प्रामाणिकपणा चिपच्या प्रामाणिकपणाइतकाच असू शकतो. म्हणून चिप निवडतानाच हा बिट शोधा.

५. सिम्प्युटरच्या चिपमधली वेगळी वाट

बेंगळुरूत भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर यांनी मिळून बनवलेला सिम्प्युटर २००१ साली लोकांपुढे आला. तो लिनक्सवर चालत होता आणि त्यात स्ट्राँगआर्म एसए-१११० हा प्रोसेसर होता. या प्रोसेसरमधल्या आरटीसीची रचना डीएस१३०७च्या अगदी उलट आहे. कॅलेंडर नाही, बीसीडी नाही, वार नाही. फक्त ३२ बिटांचा एक गणक, दर सेकंदाला एकने वाढणारा. असा गणक सुमारे १३६ वर्षे पुरतो.

वाचायला एकच शब्द असल्याने आपण वर पाहिलेली ३१ डिसेंबरची अडचण इथे उद्भवतच नाही. लीप वर्षाचा नियम कर्नलमध्ये एका जागी राहतो. डीएस१३०७मध्ये तो सिलिकॉनमध्ये कोरलेला आहे आणि २१००पर्यंतच बरोबर आहे. शिवाय एसए-१११०मध्ये गती सुधारणारे रजिस्टर आहे. डीएस१३०७मध्ये ते नाही. तिचा क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा, म्हणजे २चा १५वा घात इतक्या वेळा, हेलकावतो. दर दहा लाखांत २०ची चूक धरली तर दिवसाला सुमारे १.७ सेकंद, महिन्याला ५० सेकंदांच्या वर. मग वाचताना अर्ध्या सेकंदाचा घोळ उरतो म्हणून कर्नल सुरुवातीला अर्धा सेकंद मिळवतो, त्याचे अप्रूप कितीसे वाटायचे?

६. साडेपाच तास

शेवटचा दोष आपल्याकडे हमखास दिसतो. मॉड्यूल आधी आर्डुइनोवर लावून पाहिलेले असते. तिथल्या नेहमीच्या उदाहरणात प्रोग्रॅम कंपाइल झाल्याची स्थानिक वेळ चिपमध्ये लिहिली जाते, म्हणजे भारतीय वेळ. तेच मॉड्यूल लिनक्सच्या बोर्डावर लावले की कर्नल ती वेळ यूटीसी समजतो. दुपारचे तीन वाजलेले असताना पडद्यावर रात्रीचे साडेआठ दिसतात.

यावर विद्यार्थी ड्रायव्हरमध्येच १९,८०० सेकंद वजा करतात. चालते. पण तोच बोर्ड पावणेसहा तासांच्या नेपाळात गेला की चुकतो, आणि भारतातही कोणी चिपमध्ये नीट यूटीसी लिहिली की चुकतो. ड्रायव्हरने रजिस्टरातला आकडा तसाच वर द्यावा. घड्याळ स्थानिक वेळेत लावले आहे हे सांगायची सोय वरच्या थरात आहे. देश कोणता हे ड्रायव्हरला ठाऊक असायचे कारण नाही.

करून पाहा

तुमचा ड्रायव्हर चालू स्थितीत असताना यंत्र बंद करा, बॅटरी काढा, पाच मिनिटांनी परत घाला आणि वेळ मागा. एरर आली तर तुमचा ड्रायव्हर पास. तारीख आली, तर ती कितीही नेटकी दिसो, वेळ वाचण्याचे फंक्शन पुन्हा लिहायला घ्या.