शून्य घाताची ‘सिद्धता’

पाचाचा शून्यावा घात किती, हा प्रश्न आठवीच्या मुलांना विचारून पाहा. नियम पाठ असलेली मुलं ‘एक’ म्हणतील. नियम विसरलेली, पण डोकं चालवणारी मुलं बहुधा ‘शून्य’ म्हणतील. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात काही मुलांबरोबर बसलो असताना मी हे करून पाहिलं. एका मुलीनं ‘शून्य’ असं उत्तर दिलं आणि कारणही सांगितलं, “पाच एकदाही घेतलाच नाही, मग उरणार काय?” तिच्या उत्तरावर फुली मारणं सोपं आहे. पण आपणच शिकवलेली व्याख्या धरून तिचं म्हणणं खोडता येईल का?

व्याख्या अशी, की पाया स्वतःशी जितक्या वेळा गुणायचा ती संख्या म्हणजे घातांक. (पहिली ढिलाई इथेच आहे. पाचाच्या तिसऱ्या घातात पाच तीनदा येतो, गुणाकार मात्र दोनदाच होतो.) या व्याख्येत १, २, ३ असे घातांक बसतात. ‘शून्य वेळा’ किंवा ‘वजा दोन वेळा’ यांना तिच्यात काही अर्थच नाही. मुलीची चूक एवढीच, की अर्थ न दिलेल्या प्रश्नाला तिनं उत्तर दिलं. आणि तो प्रश्न आपण विचारला होता.

यावर फळ्यावर आणि गाइडांमध्ये एक ठरलेली सिद्धता असते. पाया सारखा असेल तर भागाकारात घातांकांची वजाबाकी होते. म्हणून पाचाच्या तिसऱ्या घाताला पाचाच्याच तिसऱ्या घातानं भागलं, तर घातांक तीन वजा तीन म्हणजे शून्य. पण कोणत्याही संख्येला तिनंच भागलं तर उत्तर एक. म्हणून पाचाचा शून्यावा घात एक. सिद्ध झाले!

माझी तक्रार या ‘सिद्ध झाले’बद्दल आहे. वजाबाकीचा नियम आपण दाखवला तो वरचा घातांक मोठा असताना. वर पाच पाचदा, खाली दोनदा. दोन जोड्या छाटल्या, वर तीन पाच उरले. घातांक सारखे असले की सगळेच पाच छाटले जातात. तिथेही हा नियम चालतो हे कुणी दाखवलं? कुणीच नाही. जे ठरवायचं आहे ते आपण आधीच धरून चाललो.

त्या ओळींत गणिताची चूक नाही, त्यांना दिलेलं नाव चुकीचं आहे. ती सिद्धता नव्हे, एका नव्या व्याख्येमागचं कारण आहे. शून्यावा घात म्हणजे काय हे आपल्याला ठरवायचं आहे, आणि ठरवताना जुने नियम मोडू नयेत अशी आपली इच्छा आहे. मग कोणती किंमत चालेल? ही तपासणी मुलांना करता येते. पाचाचा दुसरा घात गुणिले शून्यावा घात. घातांकांची बेरीज दोनच, तेव्हा उत्तर २५ यायला हवं. त्या मुलीनं शून्य ठेवून पाहिलं. उत्तर शून्य आलं, आणि तिनं आपलं शून्य स्वतःच खोडलं. एकाशिवाय दुसरं काही चालत नाही हे तिला दिसलं. पुस्तकात कंसात लिहिलेली ‘पाया शून्य नसावा’ ही अटही मग आपोआप समजते. पाया शून्य असेल तर हीच तपासणी कोणत्याही संख्येनं पार पडते, म्हणून तिच्यातून एक असं काही ठरत नाही.

हे ठरवणं मोठ्यांनाही एका दिवसात जमलेलं नाही. निकोला शुके या फ्रेंच गणितीच्या १४८४ सालच्या हस्तलिखितात शून्य आणि ऋण घातांक आहेत, पण ते छापलं गेलं १८८० साली. श्टिफेलनं १५४४ मध्ये एका ओळीत वजा तीनपासून पुढच्या संख्या आणि त्यांच्याखाली एक अष्टमांश, एक चतुर्थांश, अर्धा, एक, दोन, चार, आठ अशी रांग मांडली. न्यूटननं ऋण घातांक आजच्यासारखे लिहिले ते १६७६ सालच्या पत्रात.

शिकवण्यासाठी मला ऑयलरची वाट जास्त पसंत आहे. १७७० च्या आपल्या बीजगणितात तो घातांची रांग घेतो आणि दरवेळी पायानं भागत उलटा चालत जातो. आपल्या मुलांना ही रांग पहिलीपासून ठाऊक आहे : सहस्र, शतक, दशक, एकक. घातांक तीन, दोन, एक. पुढे? एककाच्या घरात घातांक शून्य आहे, म्हणून ते घर रिकामं असतं असं कुणी म्हणत नाही. आणखी पुढे दशांश, शतांश. घातांक वजा एक, वजा दोन. हीदेखील सिद्धता नाही, पण ही तसा आवही आणत नाही.

ऋण घातांकात आपली भाषाही थोडी आडवी येते. ऋण म्हणजे कर्ज, म्हणजे शून्याच्या खाली, हे मुलांच्या मनात पक्कं असतं. म्हणून पाचाचा घातांक वजा दोन असला की वहीत वजा पंचवीस येतात. इथला ‘ऋण’ किंमत नव्हे, दिशा सांगतो : गुणत पुढे नव्हे, भागत मागे. उत्तर एक पंचविसांश, लहान पण धनच.

या घोटाळ्याची किंमत गुणपत्रिकेपुरती नाही. वरसेहून धाटावची रासायनिक कारखानदारी जवळ आहे आणि कुंडलिका तर रोह्याचीच नदी. सांडपाण्याची चर्चा निघाली की सामू हा शब्द येतोच, आणि सामू म्हणजे वजाचिन्ह काढून लिहिलेला दहाचा घातांक. डेन्मार्कच्या सोरेन्सननं १९०९ साली ही सोय केली. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा सामू ७, म्हणजे एका लिटरमध्ये हायड्रोजन आयनांचं प्रमाण दहाचा वजा सातवा घात इतके मोल. नदीत सोडायच्या सांडपाण्याचा सामू सर्वसाधारण मानकांनुसार ५.५ ते ९ असावा लागतो. सामू ७ वरून ५ वर आला तर आकडा दोनानं घटतो, पण आयनांचं प्रमाण शंभर पट होतं. ज्या मुलाला वजा पाच आणि वजा सात यांतला मोठा घातांक कोणता हे उमगलेलं नाही, तो इथे नेमका उलटा निष्कर्ष काढेल.

आणि सामू शून्य असेल तर? वरच्या मुलीच्या पहिल्या उत्तराप्रमाणे आम्ल मुळीच नाही. प्रत्यक्षात दहाचा शून्यावा घात, म्हणजे ढोबळमानानं लिटरला एक मोल; कातडी भाजेल इतकं तीव्र आम्ल. तरीही घातांकांच्या प्रकरणाखाली ‘सोपे रूप द्या’ छापाची उदाहरणं ओळीनं असतात. दोन बाटल्यांचे सामू देऊन कोणती जपून हाताळाल, असं एखादं उदाहरण मला आजवर तिथे भेटलेलं नाही.